हॉलिडे मेंबरशिप गळ्यात पडलीये, त्यात आता 'विकून देतो' म्हणणाऱ्यांचे फोन. काय करावं?

पाचोरेकर | १७ जानेवारी, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही लाज वाटत वाटत, तेव्हा हसायचं असेल तर हसून घ्या पण सल्ला द्या.

नोव्हेंबर २०१७ ची गोष्ट. जळगावला एका प्रदर्शनात आबांनी लकी ड्रॉची चिठ्ठी भरली होती, आठ दिवसांनी फोन, तुम्हाला बक्षीस लागलं, जोडीनं या, जेवण फुकट, फक्त दीड तास द्या. आबा नुकतेच मास्तरकीतून मोकळे झालेले, आईला म्हणाले चल जेवून येऊ. दीड तासाचे साडेचार तास झाले. मधूनमधून टाळ्या वाजायच्या, माइकवर सांगायचे अमुक परिवार आपल्यात सामील झाला. शेवटी आबांनी सही केली. २५ वर्षं, कंपनीच्या रिसॉर्टात वर्षाला ७ रात्री, २ लाख ८५ हजार, त्यातले ४० हजार तिथेच कार्डावर, बाकी हप्त्यानं. हप्ते २०२० ला फिटले.

आता हिशोब बघा. आठ वर्षांत गेलो दोनदा. दिवाळीत मागितलं तर खोली नाही, मे मध्ये मागितलं तर तुमचा सीझन तो नाही म्हणे, आणि जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला मे सोडून कधी बाहेर पळायचं असतं ते सांगा. वार्षिक देखभाल फी मात्र न चुकता वाढते. मागच्या वर्षी २०,६५०, यंदा १८,४०० वर १८ टक्के जीएसटी धरून २१,७१२. या दोन्ही भरल्या नाहीत. आबा आता ७० चे, गुडघे गेलेत, ही योजना संपेल तेव्हा ८६ चे असतील.

आणि आता खरी गोची. मागच्या आठवड्यात एक फोन आला, हिंदीत, फार अदबीनं बोलणारा. त्याला मेंबरशिप नंबर माहीत, सही केल्याची तारीख माहीत, आबांचं पूर्ण नाव माहीत. म्हणे सुरतची पार्टी ४ लाख १० हजाराला घ्यायला तयार आहे, तुम्ही फक्त एनओसीचे २४,५०० भरा, ते पण नंतर परत मिळणार. व्हॉट्सॲपवर चेकचा फोटो पाठवला, आबांच्या नावाचा. मी परवा पैसे टाकले. आज म्हणतो जीएसटी आणि स्टॅम्प ड्युटीचे ४१,००० टाका की संध्याकाळी चेक कुरियर. बायको म्हणाली आधी कुणाला तरी विचारा. म्हणून विचारतोय.

कंपनीचं नाव टाकत नाही, नियमात बसत नाही माहितीये.

---

केळीवाला_रावेर | १७ जानेवारी, रात्री ११.०४

एक रुपया टाकू नको भो. एक रुपया नाही. बाकीचं नंतर बोलू.

---

निवृत्त_शाखाधिकारी | १७ जानेवारी, रात्री ११.११

पाचोरेकर, हा धागा वाचत बसू नका, आधी १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, रात्री पण चालते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, ज्या खात्यात गेले ते, एवढं समोर ठेवून बोला. तिथून पुढच्या बँकेला कळवतात आणि त्या खात्यात जे काही उरलं असेल ते गोठवतात. हे लोक पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, तासाभरात चार ठिकाणी फिरवतात, त्यामुळे परवाचं प्रकरण म्हणजे उशीर झालाच आहे, पण तरी लावा. लागला नाही तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाका, आणि बँक उघडली की आपल्या शाखेत जाऊन लेखी अर्ज, पोच घेऊन.

एक कटू गोष्ट पण सांगतो. बँकेच्या नोकरीत हे रोज बघितलं. तीन दिवसांत कळवलं तर बँक पैसे देते असं लोक ऐकून असतात, ते रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक. पण ते तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले तर. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवले असतील तर तिथे बसत नाही. म्हणून १९३० महत्त्वाचं.

---

पाचोरेकर | १७ जानेवारी, रात्री ११.४८

लावला. पंचवीस मिनिटं गेली पण लागला. तक्रार नंबर मिळाला. हात थरथरत होते खरं सांगतो.

---

आहिरानी_मानूस | १८ जानेवारी, सकाळी ७.२०

जिभाऊ, माले बी तोच फोन उना व्हता. तठे बी सुरतनीच पार्टी. सुरतले एवढा पैसा उतू चालना का? मी तेले सांगं, पहिले पार्टीले सांग पैसा टाक, मंग मी कागद देस. तेनी फोन ठी दिना. बठ्ठा चोर शेतस.

---

अमळनेरची_माई | १८ जानेवारी, सकाळी ९.३५

पाचोरेकर दादा, लाज कसली त्यात. आम्ही दोघं कमावते, मी स्वतः शाळेत गणित शिकवते आणि तरी सही करून आले होते.

आमचं नाशिकला झालं, २०१९ मध्ये. तोच प्रकार, जोडीनंच या म्हणतात कारण एकटा माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटतो, ती वाट आधीच बंद करतात. समोर बसलेला मुलगा आमच्या मुलाच्या वयाचा, म्हणाला मॅडम तुम्ही मुलांसाठी वर्षातून सात दिवस नाही काढू शकत? आणि हे भाव फक्त आजच्या दिवसासाठी. मी शाळेत टक्केवारी शिकवणारी बाई, पण मला त्या खोलीत साधा प्रश्न सुचला नाही की देखभाल फी दरवर्षी किती टक्के वाढेल ते कागदावर कुठे लिहिलंय.

घरी येऊन रात्री सगळी कागदं वाचली. अगदी मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं की सही केल्यापासून १० दिवसांत लेखी कळवलं तर पूर्ण पैसे परत. रात्री एक वाजता ईमेल टाकली, सकाळी पोस्टात जाऊन पत्र. त्या दहा दिवसांचं तो मुलगा तोंडानं एक अक्षर बोलला नव्हता. चौथ्या दिवशी घरी आला, पेढे घेऊन! म्हणे तुम्हाला गैरसमज झालाय, मी साहेबांशी बोलून एक वर्षाची फी माफ करतो, पत्र मागे घ्या. मिस्टर वितळायला लागले होते. मी पेढे ठेवून घेतले आणि पत्र मागे घेतलं नाही. पैसे यायला दीड महिना लागला, चार आठवणीच्या ईमेल टाकाव्या लागल्या, पण आले.

तुमची ती वेळ गेली हे कळतंय, पण दुसरं कोणी वाचत असेल म्हणून लिहिलं.

---

केळीवाला_रावेर | १८ जानेवारी, सकाळी १०.०२

पेढे ठेवून घेतले हे भारी ताई 😂

माझा एकच मुद्दा आहे. हे लोक म्हणतात तुम्ही 'मालक'. ओनरशिप म्हणे. भो मालक असेल तर सातबारा दाखव. गट नंबर काय, फेरफार कुठे, चतुःसीमा कुठली? माझ्या बांधावरची बाभूळ कोणाची यावर तीन पिढ्या भांडण चालू आहे आमच्याकडे, आणि हे लोक तीन लाख घेतात आणि एक वीट नावावर नाही. नुसता वापरायचा हक्क, तो पण खोली रिकामी असली तर.

---

हॉलिडे_मुक्ती_तज्ञ | १८ जानेवारी, दुपारी १२.१५

सर आपली समस्या आम्ही समजू शकतो. आमची टीम गेली अनेक वर्ष सदस्यांना मेंबरशिपमधून १००% कायदेशीर मुक्ती व पूर्ण रिफंड मिळवून देत आहे. पैसे परत नाही तर आमची फी परत. आपला नंबर मेसेज करा. फाइल ओपनिंग फक्त ९,९९९/-

---

गिरणाकाठ | १८ जानेवारी, दुपारी १२.२२

आले. वासावरच आले. आयडी आज सकाळी ११.५० ला तयार केलाय, प्रोफाइल उघडून बघा.

साहेब, तीन गोष्टी इथेच सगळ्यांसमोर लिहा. कंपनीचं नोंदणीकृत नाव, जीएसटी नंबर आणि वकील कोण त्यांची सनद. जीएसटी नंबर सरकारी साइटवर कोणीही टाकून बघू शकतो, कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. कंपनीचं नाव पण कंपनी खात्याच्या साइटवर सापडतं. थांबलोय.

---

हॉलिडे_मुक्ती_तज्ञ | १८ जानेवारी, दुपारी १२.४०

सर गोपनीयतेमुळे फोनवरच माहिती देऊ शकतो. कृपया नंबर द्यावा.

---

गिरणाकाठ | १८ जानेवारी, दुपारी १२.४१

जीएसटी नंबर गोपनीय असतो हे आज कळलं. प्रत्येक किराणा दुकानदार भिंतीवर लावतो तो.

---

संचालक | १८ जानेवारी, दुपारी १.३०

वरील आयडी गोठवला आहे. प्रतिसाद मुद्दाम उडवलेले नाहीत, लोकांना नमुना दिसावा म्हणून ठेवलेत. कोणालाही व्यक्तिगत निरोपातून असा मेसेज आला असेल तर कळवा.

---

पाचोरेकर | १८ जानेवारी, दुपारी २.१०

मला व्यक्तिगत निरोप आलाय त्याचा. आणि खरं सांगू, काल रात्रीचं झालं नसतं तर मी नंबर दिला असता. पूर्ण रिफंड हा शब्द वाचला की डोकं चालत नाही.

---

वकीलीणबाई_धुळे | १८ जानेवारी, रात्री ९.१८

आज उशीर झाला. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पाचोरेकर, तुमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि तुम्ही ती एकत्र करून घाबरताय. एक म्हणजे २४,५०० ची फसवणूक, तो फौजदारी मामला, १९३० झालं, आता त्याच तक्रारीची प्रत घेऊन जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा तुमच्या पाचोऱ्याच्या ठाण्यात जा आणि गुन्हा नोंदवायला सांगा. दुसरं म्हणजे मूळ मेंबरशिप. ती कंपनी खरी आहे, करार खरा आहे, तो फाडून टाकल्यानं किंवा फोन न उचलल्यानं संपत नाही.

आधी करार काढा. सगळे कागद, मागे चिकटवलेल्या अटींसकट. त्यात तीन कलमं शोधा, रद्द करणं, हस्तांतरण आणि थकबाकी. बहुतेक करारांत किंमत दोन तुकड्यांत तोडलेली असते, एक प्रवेश शुल्क जे परत मिळत नाही आणि दुसरं वापराचं शुल्क जे गेलेल्या वर्षांच्या प्रमाणात कमी होत जातं. म्हणजे पूर्ण पैसे परत हे कोणीही देऊ शकत नाही, पण काहीच निघत नाही असंही नसतं. गंमत म्हणजे ग्राहक सेवेला फोन केला तर तिथली मुलगी सांगते रद्द करायची सोय नाही, आणि करारात कलम लिहिलेलं असतं. म्हणून फोनवर बोलायचंच नाही. लेखी.

कराराची सही आबांची, म्हणजे पत्र पण आबांच्या नावानं आणि आबांच्याच सहीनं जाणार, तुमच्या नाही. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय, खिडकीवर नोंदणी आणि पोहोच पावती मागून घ्या. पत्रात रडगाणं नको, तुम्ही फसवलं वगैरे चार पानं नको. सदस्य क्रमांक, तारीख, अमुक कलमाप्रमाणे सदस्यत्व रद्द करत आहे, हिशोब लेखी द्यावा, यापुढची देखभाल फी मान्य नाही, एवढंच.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिला कोर्टाचे अधिकार नाहीत, ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात, हा माझा अनुभव. एक पैसा लागत नाही.

तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आल्यापासून तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईला असो नाही तर चेन्नईला. ५० लाखांपर्यंतचा मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन टाकता येते, वकील सक्तीचा नाही. हो, मी वकील असून सांगतेय. फक्त एक, नुसता करारच अन्यायकारक आहे म्हणून तो रद्द करा अशी मागणी असेल तर ती राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्यात नाही. आणि मुदत दोन वर्षांची असते, कारण घडल्यापासून. २०१७ ला खोटं बोलून सही घेतली हा मुद्दा आता जड जाईल, पण रद्द करा म्हटल्यावर कंपनीनं नकार दिला तर ते आत्ताचं कारण. म्हणून पत्र आधी.

---

बिनधास्त_भुसावळ | १९ जानेवारी, सकाळी ८.५०

मॅडम नमस्कार, माझे हप्ते अजून चालू आहेत, १४ बाकी. बँकेत जाऊन हप्ता थांबवला तर चालेल का? किंवा खात्यात पैसेच ठेवले नाही तर? एक मित्र म्हणाला दोन हप्ते बाउन्स कर, ते आपोआप रद्द करतात.

---

निवृत्त_शाखाधिकारी | १९ जानेवारी, सकाळी ९.२५

मित्राला माझ्याकडे पाठवा.

हप्ता बाउन्स होणं म्हणजे नुसता दंड नाही. चेक बाउन्सचं १३८ कलम सगळ्यांना माहीत असतं, पण खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत गेला तर तसाच गुन्हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या २५ व्या कलमात आहे. खातं रिकामं ठेवायची आयडिया सोडा.

आणि हप्ता कोणाला जातोय ते आधी बघा. थेट रिसॉर्ट कंपनीला की मधल्या फायनान्स कंपनीला? फायनान्स कंपनी असेल तर ते कर्ज आहे, त्याचा करार वेगळा, मेंबरशिप आवडली नाही म्हणून कर्ज माफ होत नाही, थांबवलं तर सिबिल स्कोअर जातो आणि उद्या घराला किंवा ट्रॅक्टरला कर्ज मागायला गेलात की कळतं. बऱ्याच लोकांना आपण त्या हॉटेलात कर्जावर सही केली हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं सुलभ हप्ते आहेत. थेट कंपनीला असेल तर आधी रद्द करण्याचं पत्र, त्याची पोच, मग बँकेत लेखी अर्ज देऊन मॅन्डेट, म्हणजे हप्ता कापायची परवानगी, रद्द. हा क्रम उलटा करू नका.

---

एडिसनचा_चाळीसगावकर | १९ जानेवारी, सकाळी ११.४०

मी चाळीसगावचा, वीस वर्षं इकडे न्यू जर्सीत. तुम्हाला वाटत असेल हे आपल्याकडचेच धंदे, तर इकडे याचं मूळ दुकान आहे. टाइमशेअर म्हणतात. ऑर्लँडोला डिस्नेची स्वस्त तिकिटं देतो म्हणून सकाळी नाश्त्याला बोलावतात, आम्ही पण गेलो, पोरांना तिकिटं मिळाली आणि मला पेढ्यांशिवाय मेंबरशिप.

फ्लोरिडात कायद्यानंच १० दिवस असतात रद्द करायला, दुसऱ्या राज्यांत कमी-जास्त. मला तेराव्या दिवशी कळलं. मग मी पण शोधायला लागलो आणि इकडे तर बाहेर काढून देणाऱ्यांची आख्खी बाजारपेठ आहे, रेडिओवर जाहिराती, पाच-सात हजार डॉलर आधी घ्यायचे आणि मग दोन वर्षं काही करायचं नाही. सरकारनं यातल्या काहींवर खटले भरलेत. माझं शेवटी कंपनीला सरळ विचारल्यावर झालं, त्यांच्याकडे परत घेण्याची योजना होती, जाहिरात करत नाहीत एवढंच. थकबाकी शून्य करून दिली, कर्ज नव्हतं, त्यांनी घेतली. मला एक डॉलर मिळाला नाही पण दरवर्षीची फी सुटली.

आणि सुरतच्या पार्टीवरून आठवलं. इथे ज्यांचे टाइमशेअर मेक्सिकोत आहेत त्यांना असेच फोन येतात, खरेदीदार तयार आहे, फक्त टॅक्स आधी भरा. अमेरिकन सरकारनं २०२४ मध्ये सांगितलं की यामागे तिथली ड्रग्जवाली टोळी आहे, जलिस्को कार्टेल, पुएर्तो व्हायार्ता भागातून कॉल सेंटर चालवतात. २०१९ ते २०२३ मध्ये सुमारे ६,००० लोकांनी मिळून जवळजवळ ३० कोटी डॉलर घालवल्याच्या तक्रारी आहेत. त्यातही बहुतेक म्हातारी माणसं. एकदा फसले की तोच माणूस दुसऱ्या आवाजात वकील म्हणून फोन करतो, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी भरा. आणि मग तिसरा, पोलीस म्हणून.

पाचोरेकर, तुम्हाला तो दुसरा फोन येणार. लिहून ठेवा.

---

केळीवाला_रावेर | १९ जानेवारी, दुपारी १२.०५

ड्रग्जवाले टाइमशेअर विकू राह्यले. काय दिवस आले. आपल्या इथे निदान केळी विकणारा केळीच विकतो.

---

तापीकाठची | १९ जानेवारी, दुपारी १२.३०

भाऊ, बाजारभावाच्या दिवशी व्यापारी काय विकतो ते पण बघा कधी 🙂

---

केळीवाला_रावेर | १९ जानेवारी, दुपारी १२.३३

ते दुखणं काढू नका ताई, त्याला वेगळा धागा लागेल.

---

पाचोरेकर | ६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

थोडं सांगतो काय झालं ते.

करार सापडला. आईनं देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला होता, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात. ३१ पानं. वकीलीणबाई म्हणाल्या तसंच, किंमत तोडलेली, ६० टक्के प्रवेश शुल्क म्हणजे १,७१,००० गेले, ४० टक्के म्हणजे १,१४,००० ते २५ वर्षांवर पसरलेले. रद्द करायचं कलम आहे! पान २२. आठ वर्षांत कोणी सांगितलं नाही आणि आम्ही पण वाचलं नाही.

पत्र पाठवलं. पत्रावर सही करताना आबा खूप वेळ थांबले. मला वाटलं चिडले. मग म्हणाले, मी पोरांना चाळीस वर्षं सांगत आलो की वाचल्याशिवाय सही करू नये. त्यावर मी काय बोलणार, चहा टाकायला उठलो.

चाळीसगावकर, तुमचा तो फोन आला. ३१ जानेवारी. 'ग्राहक न्यायालय दिल्ली' इथून बोलतोय म्हणे, तुमच्यासारख्या १४० लोकांचे पैसे जप्त झालेत, रिझर्व्ह बँकेकडे जमा आहेत, सोडवायला ६,८०० भरा. व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र. मी विचारलं तक्रार नंबर काय माझा? म्हणे तोच सांगतो तुम्ही मोबाइलमध्ये एक ॲप टाका, स्क्रीन दिसली की मी इथून भरतो. ठेवला फोन. दूरसंचार खात्याच्या संचार साथीवर 'चक्षू' म्हणून आहे तिथे नंबर टाकून दिला.

---

निवृत्त_शाखाधिकारी | ६ फेब्रुवारी, रात्री १०.१५

शाब्बास. रिझर्व्ह बँक कोणाही माणसाला फोन करून पैसे सोडवून घ्या म्हणत नाही, तिच्याकडे तुमचं-माझं खातंच नसतं. आणि पैसे मिळवायला आपल्याला कधी पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो द्यायला.

---

गिरणाकाठ | ७ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

एक विचारतो. त्यांना मेंबरशिप नंबर आणि तारीख कळते कुठून? हा प्रश्न कोणी कंपनीला लेखी विचारलाय का?

---

पाचोरेकर | ७ फेब्रुवारी, सकाळी ८.५५

पत्रात घातलाय. त्या एका ओळीला अजून उत्तर नाही.

---

पाचोरेकर | २९ एप्रिल, रात्री ८.३०

धागा वर काढतोय, शेवटचं सांगायला.

पत्राला उत्तर आलं होतं की थकबाकी व्याजासकट भरा, मग विचार करू. मग १९१५. बाराव्या दिवशी कंपनीच्या दुसऱ्याच विभागातून मेल, भाषा एकदम बदललेली. हिशोब असा दिला: १,१४,००० मधून गेलेली ९ वर्षं वजा. मी म्हटलं नववं चालू आहे, पूर्ण कसं धरता, ते म्हणे करारात चालू वर्ष पूर्ण धरायचं लिहिलंय, आणि लिहिलंय खरं. म्हणून १६ वर्षांचे ७२,९६०. त्यातून दोन वर्षांची फी ४२,३६२ कापली, व्याज सोडलं. ३०,५९८ आबांच्या खात्यात २४ तारखेला जमा. त्याआधी सदस्यत्व संपल्याचं आणि पुढे काही देणं नाही असं पत्र घेतलं, ते वकीलीणबाईंनी खास सांगितलं होतं. पत्र नसेल तर तीन वर्षांनी वसुलीवाले येतात म्हणे.

२४,५०० पैकी ९,२०० एका खात्यात गोठलेत. ते सोडवायला अर्ज दिलाय. बाकीचे गेले.

घरातल्या त्या फुकट मिळालेल्या ट्रॉली बॅगेत आता आई गहू भरते.

---

केळीवाला_रावेर | २९ एप्रिल, रात्री ८.४१

वा रे पठ्ठे! आबांना घेऊन ये रावेरला, पुढच्या थंडीत. मळ्यात वांगी भाजू, भरीत, कळण्याची भाकर, राहायला खाट. सीझन कुठलाही चालतो, बुकिंग लागत नाही.

---

अमळनेरची_माई | २९ एप्रिल, रात्री ९.१०

पेढे मी आणते.

---

नवी_सून_फैजपूर | ३ मे, रात्री १०.२०

नमस्कार, मी इथे नवीन आहे. हा धागा शोधून शोधून सापडला. आम्ही २४ एप्रिलला एका हॉटेलात सही केली, ३ लाख ४० हजार, ५० हजार कार्डावर दिले. सासरे म्हणतात आता झालं ते झालं. करारात शेवटच्या पानावर १० दिवस लिहिलंय, सहीच्या तारखेपासून. आज म्हणजे नववा ना? की दहावा? ग्राहक सेवेला फोन केला तर म्हणाले सोमवारी मॅनेजर बोलतील.

---

वकीलीणबाई_धुळे | ३ मे, रात्री १०.२७

सहीचा दिवस मोजला तर आज दहावा, सोडला तर नववा. वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. उद्याची वाट बघू नका. करारात दिलेल्या ईमेलवर आत्ता टाका, बारा वाजायच्या आत. सही कोणाची आहे?

---

नवी_सून_फैजपूर | ३ मे, रात्री १०.२९

दोघांची. मिस्टर शेजारी बसलेत.

---

वकीलीणबाई_धुळे | ३ मे, रात्री १०.३४

मग दोघांच्या नावानं. हे उतरवून घ्या:

"आम्ही दि. २४ एप्रिल रोजी सदस्यत्व करार क्र. ___ वर सही केली. करारातील कलम ___ नुसार दहा दिवसांच्या मुदतीत आम्ही हे सदस्यत्व रद्द करत आहोत. कार्डाने भरलेले ५०,००० रुपये त्याच कार्डावर परत करावेत. कोणताही हप्ता सुरू करू नये. या पत्राची पोच द्यावी." खाली दोघांची नावं, कराराच्या सहीच्या पानाचा फोटो जोडा. साध्या कागदावर लिहून सही करून त्याचाही फोटो जोडा. उद्या पोस्ट उघडलं की तेच पत्र स्पीड पोस्टानं.

---

नवी_सून_फैजपूर | ३ मे, रात्री ११.१६

गेली. ११.१४ ला. स्वतःला पण कॉपी टाकलीये.

---

अमळनेरची_माई | ३ मे, रात्री ११.१८

आता कोणी पेढे घेऊन आलं तर पेढे ठेवून घ्या.

---

नवी_सून_फैजपूर | ४ मे, सकाळी १०.४५

स्पीड पोस्टाची पावती मिळाली. सासरे स्वतः स्कूटरवर सोडायला आले होते.